समुद्रकाठची झोळी : दिवास्वाप, प्रवात आणि दोला यांचा विचार

शाळांना सुट्टी लागली की मराठवाड्यातील अनेक कुटुंबे कोकण किनाऱ्याकडे निघतात. गणपतीपुळे, हर्णे, मुरुड, अलिबाग, तारकर्ली ही नावे आता पालमसारख्या तालुक्याच्या गावीही अपरिचित राहिलेली नाहीत. तेथील निवासस्थानांच्या वाडीत दोन माडांच्या अथवा सुरूच्या झाडांच्या मध्ये दोरीची, जाळीची किंवा जाड कापडाची झोळी बांधलेली असते. हॉटेलवाले तिला 'हॅमॉक' म्हणतात. दुपारच्या भोजनानंतर तीत पडून समुद्राचा वारा घेणे, हे अशा सुट्टीचे जणू प्रधान कर्मच होऊन बसले आहे. निघण्यापूर्वी रुग्ण चिकित्सालयात येतो, आठवडाभराची औषधे बांधून घेतो आणि विचारतो, "डॉक्टरसाहेब, चार दिवस नुसतं पडून राहणार आहे, चालेल ना?" आपण सहसा उत्तर देतो, "अवश्य जा, विश्रांती घ्या." या उत्तरात मात्रा नाही, काल नाही, देशाचा वा प्रकृतीचा विचार नाही. एखादा साधा चूर्णकल्पसुद्धा आपण अशा रीतीने देत नाही.

परतल्यानंतर यांतील काही रुग्ण प्रसन्न चेहऱ्याने येतात, तर काही जण पीनस, अरोचक, अंगमर्द किंवा कंबरेची वेदना घेऊन येतात. मधुमेही रुग्णाची रक्तशर्करा वाढलेली आढळते. दोघेही एकाच झोळीत पडलेले असतात. हा भेद का पडतो याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आमच्या मते झोळीतील विश्रांती ही एक गोष्ट नसून तीन गोष्टींचा समवाय आहे: दिवास्वाप, प्रवात म्हणजे थेट अंगावर येणारा वारा, आणि दोला म्हणजे झुलणे. या तिन्ही वेगळ्या केल्याशिवाय पथ्य सांगता येत नाही.

झोळी ही वस्तू आपल्याला नवी नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील वरुणसूक्तात वसिष्ठ ऋषी वरुणासह नौकेत बसून समुद्रात गेल्याची आणि तेथे झोपाळ्यावर झुलल्याची आठवण काढतात; समुद्र आणि दोला यांची सांगड इतकी जुनी आहे. आजच्या जाळीच्या झोळीचे मूळ मात्र कॅरिबियन बेटांवरील आदिवासींकडे आहे. १४९२ मध्ये कोलंबसाच्या सहप्रवाशांनी ती तेथे पाहिली आणि पुढे युरोपीय जहाजांवर खलाशांच्या निजण्यासाठी ती रूढ झाली. आपल्याकडे जुन्या लुगड्याची झोळी घराच्या आढ्याला किंवा शेतातील बाभळीच्या फांदीला बांधून तीत तान्हे मूल निजवितात. मराठवाड्यात झोळी ही काम करणाऱ्या बाईच्या मुलाची. मोठ्या माणसाने तीत दिवसा पडावे ही कल्पना शहरातून आणि समुद्रावरून आपल्याकडे आली.

झोळीतील झोप कोणती?

निद्रेचा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या, म्हणजे अष्टौनिन्दितीय अध्यायात येतो. अतिस्थूल आणि अतिकृश यांच्या चिकित्सेच्या प्रकरणातच निद्रेचे विवेचन यावे, हे लक्षणीय आहे. निद्रा पुष्टी देते आणि तीच अकाली घेतली असता मेद वाढविते, हा धागा ग्रंथकारांनी मुद्दाम जोडलेला दिसतो. येथे तीन अवस्थांचे गुण सांगितले आहेत. रात्रीचे जागरण रूक्ष, दिवसाची निद्रा स्निग्ध, आणि बसल्या बसल्या घेतलेली डुलकी, जिला 'आसीन प्रचलायित' अशी संज्ञा आहे, ती रूक्षही नव्हे व अभिष्यंदीही नव्हे.

झोळीचा सारा प्रश्न या तिसऱ्या अवस्थेपाशी येऊन थांबतो. झोळीत आडवे पडून, डोळ्यांवर टोपी ओढून दीड-दोन तास गाढ झोपणारा मनुष्य दिवास्वाप करीत आहे, याविषयी शंका नको. पण झोळी हे केवळ शय्येचे साधन नाही. तिच्यात आडव्या बाजूने बसून, पाठ कापडाला टेकवून, पाय जमिनीला लागते ठेवून मनुष्य अर्धवट बसलेला राहू शकतो. अशा स्थितीत वीस-पंचवीस मिनिटे डोळा लागला तर त्यास आम्ही आसीन प्रचलायिताच्या जवळ ठेवू. हा आमचा अन्वयार्थ आहे, ग्रंथात झोळीचा असा निर्देश नाही. परंतु व्यवहारात तो उपयोगी पडतो, कारण "झोपू नका" असे सांगून सुट्टीवरील रुग्ण ऐकत नाही; "बसून डुलकी घ्या, आडवे होऊ नका" हे मात्र ऐकतो.

दोहोंतील सीमा ओळखण्यास उठल्यानंतरची लक्षणे पुरेशी आहेत. डोके जड, तोंड चिकट, टाळूला लेप, चहाचीही इच्छा नाही, पुन्हा पडून राहावेसे वाटते, अशी स्थिती असेल तर दिवास्वाप घडला. उठताच अंग हलके आणि पाण्यापर्यंत चालत जावेसे वाटत असेल तर घडला नाही. हे लक्षणज्ञान रुग्णाला दोन वाक्यांत देता येते.

(जाता जाता: मराठीत 'दिवास्वप्न' म्हणजे जागेपणी रंगविलेली स्वप्ने, आणि संहितेत त्याच शब्दाचा अर्थ दिवसाची झोप. रुग्णाला "दिवास्वप्न वर्ज्य" असे लिहून दिल्यास तो गोंधळतो. झोळीत दोन्ही प्रकार घडतात, त्यांपैकी एकच अपथ्य आहे.)

दिवास्वाप ज्यांना विहित आहे त्यांची यादी चरकाने दिली आहे. ती वाचताना कोणासही वाटेल की सुट्टीवर गेलेला जवळजवळ प्रत्येक जण तीत बसतो: वृद्ध, बालक, कृश, दुर्बल, प्रवासाने व वाहनाने थकलेला, जागरण झालेला, अध्ययनाने शिणलेला, क्रोध, शोक व भय यांनी पीडित. पालमहून किनारा पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. रात्रभर मोटारीत बसून सकाळी पोहोचलेल्या माणसाला यानक्लांत आणि जागरित ही दोन्ही कारणे लागू होतात. येथे सुश्रुत व वाग्भट यांचे मार्गदर्शन अधिक नेमके आहे. जितके जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ दिवसा झोपावे, असे सुश्रुत शारीरस्थानात सांगतात. वाग्भट त्यात भर घालतात की ही झोप सकाळी, काही न खाता घ्यावी. म्हणजे सहा तास जागरण झाले असल्यास तीन तास, पोहोचल्याबरोबर, अभुक्तावस्थेत. प्रत्यक्षात काय होते? सकाळी पोहोचताच नाश्ता, मग समुद्रस्नान, मग सुरमई-पापलेटाचे भरपेट भोजन, आणि त्यानंतर दुपारी दोन वाजता झोळी. शास्त्राने अनुज्ञा दिली होती सकाळच्या रिकाम्या पोटाच्या झोपेला. रुग्ण ती वापरतो भरल्या पोटाच्या झोपेसाठी. हा एक बदल जरी आपण सांगितला, तरी परतल्यानंतरच्या तक्रारींपैकी पुष्कळशा टळतील असा आमचा अनुभव आहे.

वारा : दिशा पाहावी की गुण?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील विसाव्या अध्यायात चारही दिशांच्या वाऱ्यांचे गुण वर्णिले आहेत. पूर्वेचा वारा गुरू, स्निग्ध, किंचित लवण, क्लेद वाढविणारा, कफप्रकृतीला व व्रणरुग्णाला अहितकर. पश्चिमेचा रूक्ष, खर, तीक्ष्ण, स्नेह व बल हरण करणारा, कफ व मेद शोषणारा. दक्षिणेचा लघू व चक्षुष्य, उत्तरेचा मृदू व शीत. आता कोकणच्या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेस आहे. दुपारी झोळीत अंगावर येणारा 'खारा वारा' पश्चिमेचा. केवळ दिशा पाहिली तर तो मेदस्वी रुग्णाला उत्तम औषध ठरावा, कारण ग्रंथानुसार पश्चिमवायू मेद शोषतो!

असा अर्थ घेणे उघडच चुकीचे आहे. सुश्रुताला उपदेश करणारे दिवोदास धन्वंतरी काशीचे. गंगेच्या मैदानात पूर्वेकडून येणारा वारा बंगालच्या उपसागराचे बाष्प घेऊन येतो आणि पश्चिमेकडून येणारा कोरडा असतो. कोकणात हे चित्र आरशातील प्रतिमेसारखे उलटते. तेथे पश्चिमेचा वारा बाष्पयुक्त व खारट, तर रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा 'मतलई वारा' पूर्वेचा आणि तुलनेने कोरडा. म्हणून ग्रंथातील पूर्ववायूचे गुण, गुरुत्व, लवणत्व आणि क्लेदकारित्व, कोकणात दुपारच्या पश्चिमवायूला लावावेत. ग्रंथातील पश्चिमवायू पाहावयाचा असेल तर तो चैत्र-वैशाखात आपल्या पालमलाच पाहावा. पारा ४२ अंशांच्या वर गेलेला असताना पश्चिमेकडून येणारी ती झळ ओठ फोडते आणि डोळे कोरडे करते. सुश्रुताचे वर्णन तिला अक्षरशः लागू पडते. दिशांचे नाव पाठ करून भागत नाही, वारा कोणत्या भूमीवरून आला हे पाहावे लागते.

प्रवाताविषयी सुश्रुत चिकित्सास्थानात वेगळे सांगतात. थेट अंगावर घेतलेला वारा रूक्षता, वैवर्ण्य व स्तंभ उत्पन्न करतो. दाह, मूर्च्छा, स्वेद व तृष्णा मात्र शमवितो. ग्रीष्मात व शरदात सुखद वारा घ्यावा, इतर वेळी निवात हितकर. झोळीत पाठीखालूनही वारा लागतो, हे येथे ध्यानात घ्यावे. गादीवर निजलेल्या माणसाची एक बाजू झाकलेली असते; जाळीच्या झोळीत ती उघडी राहते. घामाने भिजलेल्या अवस्थेत, समुद्रस्नानानंतर केस ओले असताना असा सर्व बाजूंनी वारा घेतल्यास मान व खांदे आखडणे हे स्तंभाचेच रूप होय. उपाय साधा आहे: झोळीत सुती चादर दुहेरी अंथरावी, अंग पुसून मगच पडावे, कान व मान झाकावी.

देश आणि ऋतू

चरकाने कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात देशाचे तीन प्रकार वर्णन केले आहेत. आनूप देशाच्या वर्णनात नारळ व केळीची वने, नद्या, समुद्राचा परिसर आणि शीतल वारा येतो. तेथे कफ व वात यांचे विकार बहुल असतात. कोकणच्या वाडीचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही. गोदावरी जवळून वाहत असली तरी पालमचा बहुतांश शिवार, कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारीचा, जांगलाकडे झुकणारा. जांगल देशात वात-पित्ताचे प्राधान्य. विश्रांतीसाठी जाणारा आपला रुग्ण एका देशातून त्याच्या विरुद्ध गुणांच्या देशात जातो. देशाच्या विपरीत गुणांचे सेवन सात्म्य ठरते, या तत्त्वानुसार कृश, रूक्ष, वातपित्तप्रधान व्यक्तीला आठ दिवसांचा आनूपवास उपकारक आहे. तोच स्थूल, कफप्रधान व्यक्तीला, जो पालमच्या कोरड्या हवेमुळे कसाबसा सांभाळला जात होता, अपकारक ठरतो.

ऋतूबाबत थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. ग्रीष्मात दिवास्वाप सर्वांना अनुज्ञात आहे, कारण रात्री लहान असतात, आदानकालामुळे शरीर रूक्ष होते आणि वाताचा चय होतो. मे महिन्याची सुट्टी तिथीने बहुधा वैशाखात, म्हणजे गणनेनुसार वसंतात येते, आणि वसंतात दिवास्वाप निषिद्ध. परंतु पालमचा वैशाख ज्याने अनुभवला आहे तो त्यास वसंत म्हणणार नाही. ऋतू महिन्याच्या नावाने न ठरविता लक्षणांनी ठरवावा. मात्र अनुज्ञेमागील दोन कारणांपैकी रूक्षता हे कारण कोकणात उरत नाही. हवा बाष्पाने भरलेली असते, घाम वाळत नाही. रात्र लहान असणे एवढे एकच कारण शिल्लक राहते. म्हणून मे महिन्यातही किनाऱ्यावरची अनुज्ञा अर्धीच समजावी.

दिवाळीची सुट्टी अधिक कठीण. शरद ऋतूत चरकाने जे वर्ज्य सांगितले त्यात जलचर व आनूप प्राण्यांचे मांस, दही, क्षार, दव, पूर्वेचा वारा आणि दिवसाची झोप हे सर्व येते. पूर्ववायूचे गुण कोकणात कोणत्या वाऱ्यात आहेत ते आपण वर पाहिलेच. किनाऱ्यावरील दिवाळीच्या दिनक्रमाशी ही यादी ताडून पाहावी: मासे आहेत, समुद्राचा बाष्पयुक्त वारा आहे, दुपारची झोळी आहे, आणि पहाटे सूर्योदय पाहण्यासाठी दवात उघड्यावर बसणेही आहे. शरदातील पित्तप्रकोपाच्या काळात या सर्वांचा एकदम भडिमार झाल्यास परतताना शीतपित्त, अम्लपित्त किंवा ज्वर घेऊन येणाऱ्या रुग्णाचे आश्चर्य वाटू नये. दिवाळीत जाणाऱ्या रुग्णाला झोळी सकाळी, दव उतरल्यावर आणि भोजनापूर्वी द्यावी, दुपारी नाही. वर्षा ऋतूविषयी लिहिण्याची आवश्यकता वाटत नाही, त्या काळी झोळ्या काढून ठेवलेल्या असतात.

झुलण्याविषयी

दोलेचे विवेचन ग्रंथांत निद्रेइतके सविस्तर नाही. चरकाच्या सिद्धिस्थानात शोधनोत्तर काळातील आठ महादोषकर भावांत 'रथक्षोभ' म्हणजे वाहनाचे हादरे आणि 'दिवास्वप्न' ही दोन्ही येतात. परंतु रथक्षोभ हा अनियमित, धक्क्यांचा, दोला नियमित. एक वात क्षुब्ध करतो, दुसरी मनाला स्थिर करते. अन्यथा जगातील सर्व मातांनी पाळणा निवडला नसता.

आधुनिक प्रयोगांनी यास काहीसा दुजोरा दिला आहे. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथील संशोधकांनी २०११ मध्ये बारा निरोगी प्रौढ पुरुषांना दुपारी पंचेचाळीस मिनिटे, एकदा स्थिर व एकदा हळुवार झुलणाऱ्या शय्येवर निजविले. झुलत्या शय्येवर झोप लवकर लागली आणि मेंदूच्या विद्युत्‌लहरींतही सखोलतेकडे जाणारा बदल दिसला. २०१९ मध्ये अठरा तरुणांवर संपूर्ण रात्रीचा असाच प्रयोग झाला. गाढ निद्रेचा काळ वाढला आणि स्मरणाच्या चाचणीत सुधारणा आढळली. त्याच वर्षी उंदरांवर झालेल्या प्रयोगात अंतःकर्णातील तोल राखणारे अवयव निकामी असलेल्या प्राण्यांना झुलण्याचा लाभ झाला नाही. म्हणजे दोलेचा परिणाम कानाच्या मार्गाने होतो.

हे निष्कर्ष झोळीला जसेच्या तसे लावणे मात्र उचित नव्हे. प्रयोगातील शय्या चार सेकंदांत एक झोका घेत होती. कापडाची झोळी सुमारे मीटरभर खाली लोंबत असल्याने तिचा नैसर्गिक झोका दोन सेकंदांच्या आसपास, म्हणजे दुप्पट वेगाचा असतो. कोकणातील जुन्या घरांचा उंच तुळईला टांगलेला लाकडी झोपाळा प्रयोगातील गतीच्या अधिक जवळ जातो. शिवाय प्रयोगातील सर्व जण निरोगी होते. भ्रम, छर्दी किंवा अर्धावभेदकाची प्रवृत्ती असलेल्यास झुलविल्यास त्रास वाढतो; अशांनी झोळी स्थिर ठेवावी, एक पाय जमिनीला टेकवावा. भोजनानंतर तासभर कोणीही झुलू नये.

कोणास द्यावी, कोणास देऊ नये

प्रमेहाची कारणे सांगताना चरकाने चिकित्सास्थानात सुखाने बसून राहणे आणि सुखाने झोपणे यांनाच अग्रस्थान दिले आहे. पुढे दही, ग्राम्य, जलचर व आनूप मांसरस, दूध, नवे धान्य, गुळाचे पदार्थ. कोणी समुद्रकाठच्या सुट्टीचे वेळापत्रक तयार करण्यास सांगितले तर याहून वेगळे काय लिहिणार? मधुमेही, मेदोरोगी आणि नित्य स्नेहसेवी यांना दिवसाची झोप कोणत्याही ऋतूत विहित नाही. अशा रुग्णाला आपण जाण्यापासून परावृत्त करू नये. त्याला किनाराच औषध म्हणून द्यावा. ओल्या घट्ट वाळूवरून सकाळ-सायंकाळ तासभर चालणे, आणि झोळी फक्त बसण्यासाठी, वाचण्यासाठी, सूर्य मावळताना. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली असल्यास अनवाणी चालू देऊ नये, शिंपल्याची जखम त्याला कळत नाही. माशासोबत सोलकढी घेतल्यास हरकत नाही. ती नारळाच्या रसाची असते, दुधाची नव्हे. मासे खाऊन वर आइस्क्रीम खाणे मात्र विरुद्धाहार आहे.

याउलट शेतीचा व घराचा भार वाहून सुकलेली, रात्री तीनला जागी होऊन पडून राहणारी वातप्रकृतीची स्त्री झोळीची खरी अधिकारी होय. तिला सकाळी तीळतेलाचा अभ्यंग, कोमट स्नान आणि त्यानंतर सावलीत झोळी सांगावी. अनिद्रेच्या उपचारांत चरक अभ्यंग, स्नान, संवाहन, मनोनुकूल गंध-शब्द व सुखशय्या सांगतात. लाटांचा अखंड नाद हा मनोनुकूल शब्दच. अनुभव असा की कुटुंब सुट्टीवर गेले तरी ही स्त्री झोळीत नसते. ती मुलांचे ओले कपडे वाळत घालीत असते. औषधपत्रावर तिचे नाव घालून "सकाळी नऊ ते दहा, झोळी" असे लिहून देण्याची पद्धत आम्ही ठेवली आहे. लिहिलेले घरचे पुरुष मानतात.

पंचकर्मानंतर परिहारकाल संपेपर्यंत ना प्रवास द्यावा, ना झोळी. गर्भिणीस हादऱ्यांचे वाहन आणि उताणे निजणे दोन्ही वर्ज्य सांगितले आहे, आणि झोळी माणसाला उताणेच ठेवते, कुशीवर वळू देत नाही; तिने झोळीऐवजी खाटेवर डाव्या कुशीवर निजावे. गृध्रसी व कटीशूलाच्या रुग्णाला झोळीतील धनुष्याकृती स्थिती मानवत नाही. फारच इच्छा असल्यास लांबीच्या रेषेत न पडता कर्णरेषेने तिरपे पडावे, त्यामुळे पाठ बरीच सपाट राहते. झोळी ताणून बांधणे हीही एक सार्वत्रिक चूक आहे. दोर आडव्या रेषेशी सुमारे तीस अंशांचा कोन करीत असेल तर प्रत्येक टोकावर पडणाऱ्याच्या वजनाइतका ताण येतो; ताणून तो कोन दहा अंशांवर आणल्यास ताण जवळजवळ तिप्पट होतो, आणि दोर तुटल्यास माकडहाड आधी जमिनीला लागते. फळ धरलेल्या माडाखाली झोळी बांधू नये, हे कोकणी माणसाला सांगावे लागत नाही, आपल्याकडच्यांना सांगावे.

बालकांविषयी एक गंभीर सूचना. साडीच्या झोळीत वा पाळण्यात दोरीचा फास बसून बालके दगावल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांतून नोंदल्या गेल्या आहेत. रांगू लागलेले मूल झोळीत एकटे ठेवू नये. हा नियम हॉटेलच्या जाळीइतकाच शेतातील बाभळीच्या झोळीलाही लागू आहे.

औषधालयांसाठी

सुट्टीच्या हंगामात औषधालयात प्रवासी औषधांची मागणी वाढते. शंखवटी, हिंग्वाष्टक, लवणभास्कर, सितोपलादी ही नेहमीची. यांपैकी लवण व क्षारयुक्त कल्प किनाऱ्याच्या हवेत ओलावा फार लवकर शोषतात. कागदी पुडीत दिलेले लवणभास्कर दोन दिवसांत गोळा होते. गुग्गुळाच्या वट्या मऊ पडून एकमेकींना चिकटतात. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते असे शार्ङ्गधर म्हणतात ते बंद भांड्यातील चूर्णाविषयी. खाऱ्या वाऱ्यात उघड्या पुडीला तितकाही अवधी मिळत नाही. म्हणून अशी औषधे घट्ट झाकणाच्या लहान काचेच्या बाटल्यांत, आवश्यक तेवढीच द्यावीत. सर्दीसाठी त्रिभुवनकीर्ती सरसकट मागितला जातो. त्यात हिंगूळ व बचनाग आहे, वैद्याच्या चिठ्ठीशिवाय तो देऊ नये. त्याऐवजी अणुतेलाची बाटली सुचवावी. दिवसा झोपून उठल्यावर प्रतिमर्श नस्याचे दोन थेंब घेणे ग्रंथोक्त आहे. त्याने डोक्याची जडता उतरते. झोळीतून उठणाऱ्यासाठी याहून सोपा उपाय नाही.

जे जात नाहीत त्यांच्यासाठी

दिवास्वापाच्या अधिकाऱ्यांची चरकाची यादी पुन्हा वाचली असता तीत ओझे वाहून थकलेला, चालून थकलेला, कर्माने क्षीण झालेला असे निर्देश आढळतात. आपल्या भागातून दसऱ्यानंतर ऊसतोडीस जाणारी आणि पाडव्याच्या सुमारास परतणारी कुटुंबे या वर्णनात तंतोतंत बसतात. अहोरात्र गाडी भरण्याची वेळ येत असल्याने सहा महिन्यांचे जागरण त्यांच्या अंगात असते. समुद्र त्यांनी पाहिलेला नसतो, आणि विश्रांती हे औषध म्हणून त्यांना कोणी सांगतही नाही. तरीही त्यांच्या परतण्याचा काळ म्हणजे रब्बीच्या सुगीपासून मृग नक्षत्रापर्यंतचा, पालमच्या कोरड्या ग्रीष्माचा. दिवास्वापाची पूर्ण अनुज्ञा येथे खरी ठरते. कोकणात ती अर्धी होती.

त्यांना झोळीची गरज नाही. सुंभाची सैलसर विणलेली बाज पाठीला झोळीपेक्षा अधिक आधार देते. तिचे अदवान थोडे ओढून घ्यावे म्हणजे मध्यभागी खळगा पडत नाही. दुपारची झळ वर सांगितलेल्या पश्चिमवायूची असल्याने बाज उघड्यावर न टाकता लिंबाच्या दाट सावलीत किंवा माळवदाच्या घरात, पश्चिमेची बाजू भिजविलेल्या वाळ्याच्या किंवा गोणपाटाच्या पडद्याने बंद करून टाकावी. जेवण अकराच्या आत ज्वारीची भाकरी, ताक व कांदा असे हलके, झोप एक ते तीन, उठल्यावर गूळ-पाणी. परतल्यापासून एकवीस दिवस रात्री निजण्यापूर्वी तळपायांना तीळतेल, शक्य असल्यास सर्वांगास. औषधांत अश्वगंधाचूर्ण दुधासह, अग्नी पाहून, तीन ग्रॅमपासून आरंभ करून. स्त्रियांची तपासणी स्वतंत्र करावी व पांडू आहे की नाही ते प्रथम पाहावे, कारण निद्रेने न जाणारा थकवा तेथे बहुधा रक्ताल्पतेचा असतो.